सडकेपलीकडची हद्दपारी

पियुषनं माइक तळव्यानं झाकला आणि आजोबांच्या कानाशी वाकून पुन्हा एकदा बजावलं. आबासाहेब, बागली म्हणायचं. बागलीचं जंगल. समोरच्या घराचं नावही काढायचं नाही.

आबासाहेबांनी मान हलवली. ती होकारानं हलली की वयानं, हे हल्ली त्या घरात कुणालाच सांगता येत नसे. शंभरीला टेकलेला माणूस. त्यात डोक्यावर फेटा. बांधायला खास धारहून माणूस बोलावलेला, तेव्हा त्यानंही हात राखला नव्हता. शेजारी मंत्रीजी, समोर मांडव भरून माणसं, आणि मागे फ्लेक्सवर हे एवढाल्या अक्षरांत लिहिलेलं : हद्दपारवीर मालोजीराव मोहिते चौक. खाली पियुषचा हात जोडलेला फोटो. आबासाहेबांचाही होता, पण नातवाच्या कोपराआड जरा गेला होता.

आता ही हद्दपारी काय होती ते सांगायलाच हवं. देवासबाहेर सांगितलं तर लोक हसतात. राजेशाहीच्या काळात ह्या एवढ्याशा गावात दोन राज्यं नांदत होती. सडकेच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन फौजदार. आबासाहेबांनी, म्हणजे मालोजीरावांनी, तरुणपणी थोरल्या पातीत सभा घेतली, राज्य प्रजेचं हवं म्हणाले, आणि दरबारानं त्यांना राज्याबाहेर काढलं. म्हणजे काय, तर त्यांनी वळकटी काखोटीला मारली, सडक ओलांडली आणि समोर मित्राच्या ओट्यावर जाऊन बसले. झालं परराज्य. तिथं बसून स्वतःच्या घरची फोडणी हुंगता येत होती म्हणे. पुढे दोन्ही राज्यं विलीन झाली, मध्यभारत झालं, मालोजीराव वाजतगाजत घरी आले आणि त्याच हद्दपारीच्या पुण्याईवर आमदारही झाले.

पियुषला पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, तिकीट हवं होतं. मंत्रीजी आज खूश झाले तर ते मिळणार, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब. आडवा येत होता तो उमाशंकर. तिकीट त्यालाही हवं होतं, आणि तो रोज पानाच्या ठेल्यावर बसून सांगत सुटला होता, की भिया, कसली हद्दपारी, ही तर सडकपारी. गाव खदाखदा हसत होतं. म्हणून मग पियुषनं आजोबांना बागलीला धाडलं. छापील पत्रकात आबासाहेब घनदाट जंगलात कंदमुळं खाऊन लढा चालवत होते. एका परिच्छेदात तर वाघही येऊन गेला होता.

उमाशंकर पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसला होता. म्हाताऱ्याच्या तोंडून खरं निसटलं की हसायचं, एवढंच त्याचं काम.

आबासाहेबांना दोघांनी धरून उभं केलं. सुरुवात हिंदीत झाली, पाठ केल्यासारखी, बरी झाली. मग ते थांबले. मांडव त्या सडकेवरच घातला होता. त्यांनी एकदा ह्या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला, आणि सांगून टाकलं की आपण बागलीला कधी गेलोच नव्हतो, इथेच होतो, समोरच्या ओट्यावर.

मांडवात खसखस पिकली. उमाशंकरनं मांडीवर थाप मारली. पियुषचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं आणि मंत्रीजींनी खिशातून मोबाइल काढला.

हसू ओसरेपर्यंत आबासाहेब उभे राहिले. मग बोलू लागले ते मराठीत. मांडवातल्या पोरांना मराठी वाचता येत नाही, पण हे सगळ्यांना कळलं.

“बागलीला असतो तर बरं झालं असतं. आई गेल्याचं उशिरा कळलं असतं. इथून सगळं दिसत होतं. तिला अंगणात आणली, न्हाऊ घातली, नवं लुगडं नेसवलं. एकुलता एक मुलगा मी, आणि सडकेच्या ह्या अंगाला उभा. आमच्या पातीचा फौजदार स्वतः चालत आला. म्हणाला, मालोजी, ये, आईला अग्नी दे, मी तुला पाहिलंच नाही. आणि त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली.”

त्यांना धाप लागली. कुणीतरी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“मी गेलो नाही. माझ्यामागे माणसं जमली होती. मी काय करतो ते सगळी बघत होती. मी नेता होतो. अग्नी चुलत भावानं दिला. ह्या जागेला माझं नाव देऊ नका.”

मंत्रीजींचा मोबाइल खिशात गेला. बायकांच्या बाजूला कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. उमाशंकरची मान खाली गेली होती. काही झालं तरी आई त्यालाही होती.

आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी मालोजीराव जिंदाबाद म्हणून आरोळी ठोकली. अख्खा मांडव उठला. उमाशंकर माणूस चलाख, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. मंत्रीजी वाकून आबासाहेबांच्या पाया पडले, फोटो निघाले, आणि उठता उठता त्यांनी पियुषच्या पाठीवर थाप मारून तिकीट पक्कं असल्याचं सांगितलं. पाटीवरचा पडदा सरकला, झेंडूच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. पियुषच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते न पुसता तो हात जोडून मंचाच्या कडेला गेला, म्हणजे लोकांना नीट दिसावा.

आबासाहेबांनी मागून त्याची बाही धरली आणि त्याला जवळ ओढलं.

“पियुष,” ते म्हणाले, “त्या दिवशीही लोक असेच ओरडले होते.”