फेस्टीचा हात

रविवारी दुपारी समुद्रकाठच्या त्या गावातल्या पबमध्ये एकच जागा रिकामी होती, फेस्टीच्या शेजारचं स्टूल. त्या उंच डच पाहुण्याने नेमकं तेच गाठलं.

बार्ब्रा काउंटरमागून पाहत होती. गावातलं कुणी त्या स्टुलावर बसत नाही, हे त्याला सांगावं तरी कसं? सायकलवरून भिजत आलेला माणूस, आणि तासाभरात सगळ्यांचा लाडका होऊन बसलेला. काळी बिअर निवळेपर्यंत ग्लासाला हात लावायचा नाही, असं तिने एकदाच सांगितलं, तर हा हाताची घडी घालून ग्लासासमोर शहाण्या पोरासारखा बसून राहिला. शेजारच्याने एक पाजली की पुढची आपण पाजायची, हे तर तो न सांगताच शिकला. पाऊस, मटणाचं सूप, शाळेतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई, त्याला सगळंच आवडत होतं. बसू दे बिचाऱ्याला, ती मनाशी म्हणाली.

ते स्टूल बार्टलीचं. फेस्टी थोरला, बार्टली धाकटा, आणि बार्ब्राचे दोघेही सख्खे मामा. फेस्टी गायला लागला की बार्टली शेजारी बसून त्याचा हात हातात घ्यायचा आणि गाण्याच्या ओघात सावकाश फिरवत राहायचा, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. इथे जुनी गाणी अशीच गातात. गाणारा डोळे मिटून घेतो, साथीला वाद्य नसतं, आधार असतो तो तेवढ्या एका हाताचा. पण तीन वर्षं झाली, भावाभावांत बोलणं नव्हतं. कारण काय, तर सामाईक होडीच्या आपापल्या बाजूला आधी डांबर कुणी फासायचं. दोघेही हट्टाला पेटले आणि होडी तशीच किनाऱ्यावर पालथी पडून राहिली. बार्टली दर रविवारी यायचा, पण दाराजवळच्या कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. दुसऱ्या कुणी फेस्टीचा हात धरला असता तर ते एकाची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून कुणी धरत नव्हतं.

बार्ब्राच्या आजीचं अकरा कडव्यांचं एक गाणं होतं. ते आता सबंध गावात एकट्या फेस्टीला येत होतं, आणि हात सुटल्यापासून त्याचीही गाडी पाचव्या-सहाव्या कडव्यापुढे गेली नव्हती. मागच्या रविवारी तर तो चौथ्यातच अडकला. टोपी डोक्यावर दाबत म्हणाला होता, "अजून एकदा बघतो. नाही जमलं तर सोडलं, पोरी." बार्ब्राला आठवडाभर नीट झोप लागली नव्हती.

आज फेस्टीने टोपी पुढे ओढली आणि डोळे मिटले. व्हायोलिन थांबलं. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं. आवाज चांगला लागला होता. चौथ्याला त्याचा उजवा हात गुडघ्यावर उताणा झाला आणि बोटं उघडली. जन्माची सवय, ती कुठे जाते! सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पाहुण्याने तो हात पाहिला. आजोबा हात पुढे करताहेत म्हटल्यावर भल्या माणसाने काय करावं? त्याने तो धरला, दोन-तीनदा चांगला गदागदा हलवला आणि हसून सोडून दिला.

गाणं तुटलं. फेस्टीचे डोळे मिटलेलेच होते, आता ओठही मिटले. आपण काहीतरी घोळ घातला एवढं पाहुण्याच्या ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाल होऊन उभाच राहिला.

दाराजवळचं स्टूल सरकलं. बार्टली कुणाकडेही न बघता माणसांमधून वाट काढत आला.

"असा धरतात होय हात?" तो पाहुण्याला म्हणाला. "हापसा आहे का तो? सरक."

तो आपल्या जुन्या स्टुलावर बसला आणि त्याने फेस्टीचा हात उचलला. फेस्टीने मान जराशी वळवली, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे म्हणायला सुरुवात केली. पाचवं झालं, सहावं झालं. सातव्याला आवाज कापला तेव्हा बार्टलीने हात आणखी सावकाश फिरवला, घाई नाही म्हणून सांगितल्यासारखा. नवव्या कडव्याला बार्ब्राने काउंटर पुसायच्या ओल्या फडक्यानेच डोळे पुसले. पाहुणा बार्टलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता आणि श्वाससुद्धा जपून घेत होता.

या गाण्यांची शेवटची ओळ गायची नसते, नुसती बोलायची असते. फेस्टीने ती बोलून टाकली. लोक शाब्बास, शाब्बास म्हणाले, कुणी टेबलावर थाप मारली. बार्टली उठायला लागला, पण फेस्टी काही हात सोडेना. डोळेही उघडेना.

"हाताला डांबराचा वास येतोय," तो म्हणाला.

बार्टलीने मोकळा हात खिशात घातला.

"आपली होडी?"

"काल झाली पुरी," बार्टली पुटपुटला.

"माझी बाजूसुद्धा?"

"मग काय," बार्टली म्हणाला, "अर्धी होडी समुद्रात जाते होय रे, गाढवा?"