हाताचा गुण

“आता दिसून राहिलं का?” चंद्रकलानं गच्चीवरून विचारलं.

“नाही! मुंग्याच मुंग्या!” अंगणातून दहा आवाज आले. तिनं ॲन्टेनाचा पाइप बोटभर नागपूरच्या अंगाला वळवला. “हां, बस! आता हलू नको!” हा आवाज नत्थूजींचा, तिच्या सासऱ्यांचा.

सौंसरच्या त्या गल्लीत टीव्ही एकच, नत्थूजींचा. पाइप ढिला होता. सोडला की वाऱ्यानं फिरायचा. तिच्या नवऱ्यानं, उत्तमनं, एकदा धरून पाहिला, तर पाच मिनिटांत चित्र गेलं. चंद्रकलानं धरला आणि नटनट्या लख्ख दिसू लागल्या. झालं! शेजारची वच्छलाबाई गावभर सांगत सुटली, “गुण आहे व माय, सुनेच्या हाताले.” पाइप बांधून पाहावा, हे मग कोणाच्या मनातच आलं नाही. कौतुकानंच घात केला. दोन वर्षांत चंद्रकलानं रविवारचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. ऐकले मात्र सगळे होते.

विमानाची घरघर आली की शेवट जवळ आला, हे तिला पाठ झालं होतं. नायिका रुसून विलायतेला निघते, विमानतळावर बाई सूचना देते, नायक मोटार दामटत येतो. आज ती घरघर सुरू झाली आणि चंद्रकलानं मान वळवून खाली पाहिलं.

खाली तिचा भाऊ रवींद्र दुपारपासून ताटकळत बसला होता. नागपूरच्या दवाखान्यातून नर्सच्या ट्रेनिंगचं पत्र आलं होतं, मुलाखत उद्या सकाळी आठला. तो तिला न्यायला आला होता. नत्थूजींनी नाही म्हटलं नव्हतं. ते कधीच नाही म्हणत नसत. “पाहू ना,” ते म्हणाले होते, “सिनेमा तर होऊ दे.” सिनेमा संपणार आठला. नागपूरची शेवटची गाडीही आठलाच, आणि बसस्टँड पाच मिनिटांवर. आणि हे नत्थूजींना ठाऊक नसावं? बसस्टँडच्या खिडकीत तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पाइप धरल्याधरल्या हे तिच्या ध्यानात आलं. तिला रडू नाही आलं, संताप आला.

“मामाजी, आठची गाडी...”

“बोलू नको, चित्र हलून राहिलं!”

खाली विमानतळावरची बाई बोलू लागली. लंडनच्या प्रवाशांनी विमानात बसावं म्हणे. “नको जाऊ व पोरी!” वच्छलाबाई कळवळून ओरडली. “कोणी थांबवा रे तिले!”

चंद्रकलानं एका हातानं कपडे वाळवायची दोरी सोडली. चार वेढे देऊन पाइप कठड्याला करकचून बांधला. एक हात काढला. मग भीतभीत दुसरा. आता ओरडा होणार म्हणून ती तशीच उभी राहिली. कोणी ओरडलं नाही. दोन वर्षं ती वावभर दोरीचं काम करत होती.

ती जिना उतरली. दारात भरून ठेवलेली पिशवी उचलली, रवींद्रला खूण केली. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. उत्तम नखं कुरतडत पडद्यावरच्या बाईची काळजी करत होता. ती क्षणभर त्याच्यामागं थांबली. त्यानं वळून पाहिलं नाही.

दोघं गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा अंगणात टाळ्या पडल्या. नायक वेळेवर पोचला होता, नायिका थांबली होती. त्या गलक्यातून नत्थूजींचा खुशीतला आवाज गच्चीकडे चढला.

“शाब्बास सूनबाई! अशीच उभी राह्य. इतकं साफ तं आजवर कधीच दिसलं नव्हतं!”