दोन सावकाश, एक घाईची

"कपाट आहे तिथंच आहे," मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, आणि ताई चपला काढता काढता थांबल्या.

त्या कपाटापायीच तर सगळं रामायण घडलं होतं. पण मावशी शांतपणे चपला काढून आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ताई सरकारच्या देखरेख कार्यालयात होत्या. मनोरुग्णालयात माणसं नीट ठेवलीत का हे बघायचं, आणि बरं झालेलं माणूस घरी पाठवण्याआधी ते घर बघायचं, हे त्यांचं काम. घर बघायची वेळ फारशी येत नसे. पेशंट बरा झाला असं कळवलं की नातेवाइकांना घर एकदम लहान पडू लागतं. मावशींच्या नवऱ्याने मात्र स्वतःहून फोन केला होता, आमचं माणूस आम्हाला परत द्या म्हणून. ताईंना त्या फोनचा आनंद दिवसभर पुरला.

मावशींची मुलगी जन्मापासून अधू. चालत नव्हती, बोलत नव्हती. आई हवी असली की खाटेच्या कठड्यावर मूठ आपटायची. दोन थापा सावकाश, एक घाईची. पुढे मावशी दुखण्याने दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या तेव्हा मुलगी तापाने गेल्याचं त्यांना सांगण्यात आलं. नणंदेचं लग्न ठरत होतं, त्यामुळे घरात कुणाला रडायलाही फुरसत नव्हती. मग मावशींना कपाटामागून थापा ऐकू यायला लागल्या. त्यांनी कपाट ओढायला घेतलं, पाहुण्यांसमोर आरडाओरडा केला. लग्न मोडलं आणि मावशींची रवानगी रुग्णालयात झाली. मुलगी गेल्याचं नवऱ्याने सांगितलं, डॉक्टरांनी लिहून घेतलं, आणि ताईंनी ते वाचलं.

वॉर्डात त्यांना सगळे टकटक मावशी म्हणत. झोपेतसुद्धा त्यांचा हात भिंतीवर तशाच थापा मारतो, हे एका नर्सने हेरलं होतं. म्हणजे चोर घरातच होता. त्यावरची युक्ती ताईंची. आवाज आला की आधी आपले हात बघायचे. मूठ वळलेली दिसली की समजायचं, आवाज आपलाच. मावशी ते हळूहळू शिकल्या. अलीकडे विचारलं की पाठ केलेल्या धड्यासारखं म्हणायच्या, "माझेच हात, ताई."

ती थाप ताईंनाही चिकटली होती. घरी भांडी घासताना त्या मध्येच नळ बंद करून कान देत, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे बघून हसत. हसू मात्र फार वेळ टिकत नसे.

"रेडिओ जरा बारीक करता का?" ताईंनी मावशींच्या नवऱ्याला विचारलं.

"सवय झालीय, मॅडम. नाहीतर घर खायला उठतं." त्याने बटण नावापुरतं फिरवलं.

नणंदेने स्वयंपाकघर दाखवलं. गॅस, गोळ्या ठेवायचं फडताळ, सगळं जागच्या जागी. मागच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. "अडगळ आहे," ती म्हणाली. अडगळ कुणाच्या घरात नसते? ओट्यावर ताटं निथळत होती, आणि त्यांच्यात आजाऱ्याला पाजायचा एक तोटीचा पेला.

"आमच्या आईचा," नणंद म्हणाली. "शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली होती. टाकवत नाही."

आई जाऊन कैक वर्षं झाली होती. तिची वस्तू अजून धुऊन ठेवणारी बाई मावशींनाही जपेल, असं ताईंना वाटलं आणि बरं वाटलं.

नणंदेच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. कंबरही गेलेली दिसत होती. "माझ्याच्यानं आता उचलणं होत नाही," ती म्हणाली. "वहिनी आली की सुटले. तिला सवय आहे."

"पाण्याच्या बादल्या म्हणतेय ती," नवरा बाहेरून म्हणाला.

ताई मनात हसल्या. सून परत हवी होती ती कामाला, हे उघड होतं. निदान ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही माणसं नव्हती.

बाहेर येऊन त्या मावशींसमोर बसल्या. आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो घरच्यांसमोर विचारायचा नियम होता. मावशी हो म्हणाल्या, तर पुन्हा वॉर्ड, आणि या वेळी बहुधा मरेपर्यंत.

"मावशी, कपाटामागून आता काही ऐकू येतं?"

नवरा पुढे सरकून बसला. नणंद दारात थबकली. मावशींनी आपले हात उलटसुलट करून बघितले, जसं ताईंनी शिकवलं होतं तसंच.

"नाही, ताई. काही नाही."

ताईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक माणूस तरी घरी पोचत होतं. त्यांनी पुढे होऊन मावशींचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. "शाबास," त्या म्हणाल्या. "आता हे तुमचं घर."

तेवढ्यात वीज गेली. रेडिओ गप्प झाला.

नवरा उगाचच मोठ्याने खोकला. त्याचा खोकला संपला तशी कपाटामागून एक थाप आली. जरा थांबून दुसरी. मग लगेच, घाईची, तिसरी.



"ताई," मावशी हळूच म्हणाल्या, "माझे हात तर तुमच्याकडे आहेत."