बॉयलर थंड व्हायचे दिवस

तक्रार नीट लिहून गेली तर लाँड्रीवाल्याला वर्षाचे दोन दिवस परत मिळणार होते. मनातल्या मनात त्याने ते वापरूनही टाकले होते. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, वेळ उरलाच तर सलूनचे टॉवेल.

समोर मूल्यमापनवाली बसली होती, वयाने त्याच्या मुलीएवढी. नियम पाळून घेताना सरकारी खाती धंदेवाल्यांना नाहक किती खर्चात पाडतात, हे तपासून ती खात्यांनाच गुण देत फिरत होती. शेजारच्या स्टुलावर, ज्यांचे गुण ठरायचे ते बॉयलर तपासणारे साहेब. निवृत्तीला आलेला माणूस, पण निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा मांडीवर पिशवी घट्ट धरून घाम पुसत होता. घाम उकाड्याचाही होता. भिंतीपलीकडे बॉयलर धगधगत होता.

मूल्यमापनवालीने आल्या आल्या भिंतीवरचे फोटो पाहिले होते. "काका, सगळ्या फोटोंत एकच स्वेटर?"

"टिकलाय बघा! कपडा कसा राखायचा ते आम्हाला विचारा," लाँड्रीवाला खुलला होता.

आता तो बाह्या सरसावून मुद्द्यावर आला. सगळी लाँड्री वाफेवर. बॉयलर विझला की धुलाई बंद, इस्त्री बंद, गल्ला बंद. अंगात ताप असताना त्याने बॉयलर विझू दिला नव्हता. स्वतःच्या लग्नालाही तो सकाळची खेप पोचवून मगच उभा राहिला होता. आणि हे साहेब दर हिवाळ्यात येणार, आत डोकावून चार ठिकाणी हातोडी वाजवणार, सही करून चालते होणार. त्यासाठी आधी दोन दिवस बॉयलर बंद!

"दोन दिवस, मॅडम! बॉयलर थंड करायचाय की बाळंतपण काढायचंय त्याचं?"

"नियम आहे तसा," साहेब छताकडे बघत म्हणाले.

मूल्यमापनवालीने नियमांचं पुस्तक चाळलं. पुन्हा मागे जाऊन चाळलं. "साहेब, एवढ्याशा बॉयलरला एक रात्र पुरते. दोन दिवस कुठेच लिहिलेले नाहीत."

लाँड्रीवाला उठूनच उभा राहिला. "म्हणजे इतकी वर्षं मला उल्लू बनवलं? लिहा मॅडम. ठळक लिहा!"

"नाहक भार, असं लिहावं लागेल," ती साहेबांना हळूच म्हणाली. "जाता जाता तुमच्या नावावर शेरा बसेल."

साहेबांनी मान डोलावली.

"शेरा माझ्या नावावर टाका."

आवाज मागून आला. लाँड्रीवाल्याची बायको हातात अर्धवट घडी घातलेली चादर घेऊन दारात उभी होती.

"हे भाऊ पहिल्याच वर्षी म्हणाले होते, वहिनी, एक रात्र बास. मीच हात जोडले. म्हटलं, दोन दिवस सांगा. आमचे मालक तुमचं ऐकतील, माझं काही ऐकत नाहीत."

"अगं, पण कशासाठी?"

तिने हनुवटीने नुसती भिंत दाखवली.

लाँड्रीवाला वळला. मुलगी पहिल्यांदा सायकलवर, आणि मागून सीट धरून धापा टाकत पळणारा तो. तलावातल्या होडीत तो आणि बायको. ती हसतेय, त्याने होडीचा काठ असा आवळलाय की बुडाला तरी सोडायचा नाही. उन्हात खुर्ची टाकून बसलेली त्याची आई, तिच्या शेवटच्या हिवाळ्यातली, आणि समोर उकिडवा बसून तिची नखं कापणारा तो. सगळीकडे तोच स्वेटर, सगळे दिवस बॉयलर थंड असतानाचे. बॉयलर चालू असताना या घरात स्वेटर लागतोय कुणाला?

त्याने सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाला, "मॅडम, ते खोडा. लिहा, नियम एका रात्रीचाच आहे. बाकीचं मालक आपल्या खुशीने बंद ठेवतो. यंदापासून तीन दिवस."

साहेबांनी पिशवी एकदाची जमिनीवर ठेवली.

"पण काका, झाल्या खर्चाचा रकाना भरावाच लागतो मला," ती म्हणाली. "इतकी वर्षं तो सोसला कुणी?"

लाँड्रीवाल्याने जाऊन बायकोच्या हातातल्या चादरीची दुसरी दोन टोकं धरली.

"माझ्या शिव्या साहेबांनी खाल्ल्या. लबाडी हिने डोक्यावर घेतली," तो म्हणाला. "मी काय, नुसता फोटोत उभा राहिलो."