फिओनाच्या जागी

"आईनं फिओना म्हणून हाक मारली, की ओ द्यायची. एवढंच काम," म्हातारीचा मुलगा म्हणाला. त्याच्या आईला दिसत नव्हतं, आणि आपली मुलगी फिओना वारल्याचं तिच्या लक्षात राहत नव्हतं.

सुलक्षणा भंडाऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायची. नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला आल्यापासून तिला कामासाठी कुणी दारात उभं केलं नव्हतं. तिनं लगेच होकार दिला.

रोज दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती म्हातारीला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मध्येच हाक यायची. "ओ, आई," म्हणताना आधी जीभ अडखळायची. मग सवय झाली.

एकदा म्हातारीनं तिचा हात हातात घेऊन बोटं चाचपली.

"तू फिओना नाहीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, पोरी."

सुलक्षणानं हात मागे घेतला. आता हेही काम गेलं! "माफ करा, मी उद्यापासून..."

"अगं, येत जा. तुझा आवाज आवडतो मला. फक्त त्या खुर्चीतून ऊठ. फिओना कधीची उभी आहे."

सुलक्षणा ताडकन उठली. मागे कुणीच नव्हतं.

"सोडून दे ते काम," घरी तिचा नवरा अवधूत म्हणाला. "दुसरं कुठाय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसली. चहा करताना थोडी थांबली, आणि तिनं तिसरा कप भरून रिकाम्या खुर्चीपाशी ठेवला. म्हातारी प्रसन्न हसली.

निघताना सुलक्षणानं तो कप उचलला. तळाशी थेंबभरसुद्धा चहा नव्हता. तिनं तो विसळला आणि इतर कपांशेजारी पालथा घातला.