बैलांपुढं

लीड्सच्या घरी मंदारच्या फोटोला हार घालताना द्वारकाबाई स्पॅनिश सुनेवर कडाडल्या, "आम्ही पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवतो गं! तुमच्या गावात सणाला बैलांपुढं पळतात, अन् तू माझ्या लेकाला पळू दिलंस?"

माइते हुंदके देत मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मी त्याला सगळं शिकवली. पडला तर उठायचं नाही. डोकं झाकून पडून राहायचं, बैल वरून उडी मारून जातो. तो पडला, मी ओरडली, तरी तो उठला. का उठला, आई?"

द्वारकाबाईंना उत्तर ठाऊक होतं.

लहानपणी मंदार धडपडला, की त्या कधी धावल्या नव्हत्या, लांबूनच दरडावायच्या, "आपल्यात पडून राहत नाहीत, ऊठ!"