लाद्या पक्क्या होईपर्यंत

आखातात, मुहर्रक शहरातल्या घरात बाबांनी सुट्टीत स्वतः खपून स्वयंपाकघराच्या जमिनीला नव्या लाद्या बसवल्या आणि त्या पक्क्या होईपर्यंत फ्रीज हॉलमध्येच ठेवला. येता-जाता त्याला धडकून लीना वैतागली.

"बाबा, वाळलंय सिमेंट. तुमचा आपला उगाच हट्ट."

"वरून वाळलंय गं. खाली कच्चंच आहे. फ्रीज काय पळून चाललाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

त्यांना हॉलमध्ये जमिनीवर ठेवायचं, तर जागा हवी. शेजारच्या जयप्रकाशकाकांनी दोघांना हाताशी घेऊन फ्रीज उचलला आणि स्वयंपाकघराकडे वळवला. लीना दारात आडवी आली.

"अगं, वाळल्यात की लाद्या," काका म्हणाले.

"नाही, काका." मग बाबा असताना तिच्या तोंडून कधीच न निघालेलं ती मोठ्यानं बोलली, "बाबांचंच बरोबर आहे."